'वॅग द डॉग' आणि बातमी बनवणाऱ्यांवरचे सिनेमे: यातले पत्रकार गेले कुठे?

तिसरी घंटा

काल रात्री 'वॅग द डॉग' परत बघितला, बहुतेक चौथ्यांदा, आणि झोपच लागली नाही म्हणून हा धागा काढतेय. स्पॉयलर भरपूर आहेत, शेवटही सांगितलाय, तेव्हा बघायचा असेल तर आधी बघून या.

१९९७ चा सिनेमा, दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन. निवडणुकीला दोन आठवडेसुद्धा उरलेले नाहीत आणि अमेरिकेच्या अध्यक्षावर एका शाळकरी मुलीशी गैरवर्तन केल्याचा आरोप बाहेर येतोय. मग कॉनराड ब्रीन नावाच्या माणसाला बोलावतात, रॉबर्ट डी नीरोने केलाय. साधासा कोट, दाढी, आवाज कधी चढत नाही. आरोप खरा की खोटा यात तो शिरतच नाही, तो म्हणतो की बी-थ्री बॉम्बर विमानाबद्दल कुणी विचारलं तर साफ नाही म्हणा. असं विमान मुळात अस्तित्वातच नाहीये! म्हणजे 'नाही' म्हणणारा अधिकारी शंभर टक्के खरं बोलतोय, आणि तरी त्या खऱ्या वाक्यामुळेच सगळे विचारायला लागतात की मग नाकारताय कशाला, नक्की काहीतरी शिजतंय. खरं बोलून खोटं पसरवायची ही युक्ती मला पहिल्या वेळेला कळलीच नव्हती, मी पुढच्या युद्धाच्या शूटिंगमध्येच अडकले होते.

ते शूटिंग तर सगळ्यांना आठवतंच. हॉलिवूडचा निर्माता स्टॅन्ली मॉट्स (डस्टिन हॉफमन, काय काम केलंय) स्टुडिओत एका मुलीला पळायला लावतो, तिच्या हातात चिप्सची पिशवी देतात आणि नंतर कॉम्प्युटरवर त्या पिशवीच्या जागी मांजराचं पिल्लू बसवतात. मागे जळतं गाव, पूल, सायरन. झालं अल्बानियाचं युद्ध तयार. ती मुलगी म्हणजे कर्स्टन डन्स्ट.

पण काल मला वेगळंच काहीतरी खुपलं. एवढ्या मोठ्या सिनेमात एकही पत्रकार तिकडे जायला निघत नाही. कुणी म्हणत नाही की चला, विमान पकडून जाऊन बघू. टीव्ही सतत चालू आहे, सगळ्या सीनमध्ये कोपऱ्यात कुठेतरी टीव्ही आहे, पण त्या टीव्हीच्या मागची माणसं दिसत नाहीत. युद्ध बंद होतं तेसुद्धा पत्रकारांमुळे नाही, गुप्तहेर खातं विरोधी उमेदवाराशी संधान बांधतं आणि तो टीव्हीवर येऊन सांगतो की युद्ध संपलं. खोट्या युद्धाचा खोटा शेवट, आणि तोही तितक्याच सहज खपतो.

मला वाटतं सिनेमाचा खरा वार तिथे आहे. ब्रीन आणि मॉट्स हुशार आहेत ठीक आहे, पण त्यांचं काम चालतं ते ज्यांना शंका आली आणि जे गप्प बसले त्यांच्यावर. तुम्हाला काय वाटतं? आणि असे बातमी बनवणाऱ्यांवरचे अजून कुठले सिनेमे तुम्हाला भिडलेत ते लिहा, नुसती यादी नको, का भिडले ते लिहा.

रात्रपाळी

तुमचं ते गप्प बसणाऱ्यांबद्दलचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी सहा वर्षं एका न्यूज चॅनलमध्ये पॅनल प्रोड्यूसर होते, नाव सांगत नाही. पीसीआरमध्ये (म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये) बसायचं, अँकरच्या कानात बोलायचं, कुठला कॅमेरा, कुठला फीड, कुठली पट्टी हे बघायचं.

एका मोठ्या नेत्याच्या सभेचा दिवस. आता बाहेरच्या लोकांना हे बहुतेक माहीत नसतं की मोठ्या सभांचं चित्रीकरण बऱ्याचदा आयोजकच करतात, त्यांचेच कॅमेरे, त्यांचीच क्रेन, त्यांचाच दिग्दर्शक, आणि चॅनलांना तयार क्लीन फीड मिळतो. फुकट, स्वच्छ, डोळ्यांत भरणारा. आमच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला उभं राहायला जागा दिली होती ती स्टेजच्या समोर, अशी की मागचं मैदान दिसूच नये. आमच्या रिपोर्टरने फोन करून सांगितलं की मागचं अर्धं मैदान रिकामं आहे, क्रेन फक्त पुढच्या अर्ध्यावर फिरतेय. हे मी ऐकलं, शिफ्ट इन्चार्जने ऐकलं, आणि आम्ही तोच क्रेनचा फीड चालवला, वर पट्टी लावली 'विराट सभा'. का? तर बाकी सगळ्यांकडे तोच फीड चालू होता आणि आमच्याकडे दुसरं चांगलं चित्र नव्हतं. कुणी धमकी दिली नाही, कुणाचा फोन आला नाही, पैसेही नाहीत. चित्र छान होतं बास.

म्हणून मला 'वॅग द डॉग'मध्ये पत्रकार दिसत नाहीत हे अजिबात खोटं वाटत नाही. तयार चित्र हातात आलं की ते नाकारायला जे बळ लागतं ते रात्रीच्या शिफ्टमध्ये कुणाकडे नसतं.

संकलक

क्या बात आहे, दोघींचंही. मी एडिटिंग करतो (सिनेमा नाही, जाहिराती आणि माहितीपट) त्यामुळे माझा मुद्दा टेबलावरून.

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोवने एक प्रयोग केला होता, एका नटाचा तोच निर्विकार चेहरा आणि त्याच्यापुढे कधी सूपाची बशी, कधी शवपेटी. बघणाऱ्यांना वाटलं नट भुकेला आहे, नट दुःखी आहे. चेहरा तोच! म्हणजे अर्थ शॉटमध्ये नसतो, दोन शॉटच्या सांध्यात असतो, आणि तो सांधा बघणारा स्वतःच्या मनात भरतो. सिनेमावाल्यांना हे आधीपासून माहीत आहे म्हणून स्पिनवरचे, म्हणजे बातमी हवी तशी वळवण्यावरचे, सिनेमे इतके नेमके असतात, ते स्वतःच्याच हत्यारांबद्दल बोलत असतात. पिल्लू बसवायचा सीन बघा, कुठल्या रंगाचं मांजर यावर चर्चा चाललीये, फोनवर खुद्द अध्यक्षांचं मत घेतायत. माझ्या कामात असे फोन रोज असतात. फरक एवढाच की आम्ही साबण विकतो.

याच अंगाने एक सिनेमा बघाच, 'नो', २०१२, दिग्दर्शक पाब्लो लॅरेन. चिलेमध्ये १९८८ ला हुकूमशहा पिनोशेवर सार्वमत झालं, तो अजून आठ वर्षं राहावा का, हो किंवा नाही. दोन्ही बाजूंना टीव्हीवर रोज पंधरा-पंधरा मिनिटं, सत्तावीस दिवस. 'नाही'वाल्यांनी छळ, बेपत्ता माणसं यावरच सगळी पंधरा मिनिटं न घालवता आनंद विकला. इंद्रधनुष्य, गाणं, नाचणारे लोक. आणि जिंकले, साधारण ५६ टक्के मतं पडली. सिनेमात गाएल गार्सिया बेर्नालचा जाहिरातवाला जेव्हा पहिल्यांदा हे सुचवतो तेव्हा बैठकीतला एक जण चिडून उठून निघून जातो, तो सीन माझ्या डोक्यातून जात नाही. खरी बाजू असली तरी ती पॅकिंगमध्ये घालून विकायची का?

तांत्रिक गंमत अशी की लॅरेनने सिनेमा जुन्या यू-मॅटिक व्हिडिओ कॅमेऱ्यांवर शूट केला, त्यामुळे १९८८ ची खरी फुटेज आणि आत्ता शूट केलेलं यातला सांधा दिसतच नाही. मी धंद्यातला असून मला दोन ठिकाणी कळलं नाही. आणि तिथल्या लोकांनी या सिनेमावर टीका केली ती हीच की गावोगाव फिरून मतदार नोंदणी करणाऱ्या कार्यकर्त्यांचं काम यात गायब आहे आणि सगळं श्रेय जाहिरातीला गेलंय. टीका मला पटते. चांगला सिनेमा आहे तरी पटते.

प्रश्नचिन्ह

सगळ्यांचं वाचलं, पण मला एक जोरात आक्षेप घ्यायचाय, राग मानू नका.

हे सिनेमे बघून माणूस शहाणा होतो का सगळ्यावरचाच विश्वास उडून बसतो? 'वॅग द डॉग'चंच बघा. सिनेमा आला डिसेंबर १९९७ च्या शेवटी, महिन्याभरात अध्यक्ष क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधली इंटर्न मोनिका लेविन्स्की यांच्या संबंधांचं प्रकरण फुटलं. मग ७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकी वकिलातींवर बॉम्बस्फोट, दोनशेपेक्षा जास्त माणसं मेली, बहुतेक आफ्रिकी नागरिक. १७ ऑगस्टला लेविन्स्की प्रकरणात क्लिंटनची ग्रँड ज्युरीपुढे साक्ष, आणि २० ला अफगाणिस्तान आणि सुदानवर क्षेपणास्त्रं. आणि संरक्षणमंत्री कोहेनना पत्रकारांनी काय विचारावं, तर तुम्ही 'वॅग द डॉग' पाहिलाय का! वकिलातीच्या ढिगाऱ्यातून माणसं काढून दोन आठवडे झाले नव्हते हो. सिनेमा इतका तोंडी बसला की खरोखर घडलेलं हत्याकांडही पटकथेसारखं वाटायला लागलं.

पुढचं ऐका. १९९९ मध्ये नाटोचे बॉम्ब पडत असताना सर्बियाच्या सरकारी टीव्हीने हाच सिनेमा दाखवला. ज्या टीव्हीने स्वतः कित्येक वर्षं युद्धाचा प्रचार केला त्यांनी! अल्बानियाचं खोटं युद्ध दाखवणारा सिनेमा, आणि शेजारी कोसोवोतले अल्बानियन लोक त्याच वेळी खरोखर घरं सोडून पळत होते. मला सांगा आता ही स्पिनविरुद्धची कलाकृती राहिली का?

माझं म्हणणं सोपं आहे, "सगळंच बनवलेलं असतं" हे वाक्य बनवणाऱ्यांच्याच सोयीचं असतं.

तिसरी घंटा

राग कसला, धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे हा. सर्बियाचं मला माहीत नव्हतं, वाचून पोटात कालवलं.

पण १९९८ च्या त्या प्रश्नाबद्दल थोडं वेगळं म्हणते. सुदानमध्ये जो पाडला तो अल-शिफा नावाचा औषधांचा कारखाना होता, तिथे रासायनिक अस्त्रांचा माल बनतो असा दावा होता आणि आधार मुख्यतः मातीच्या एका नमुन्याचा, जो पुढे फारच डळमळीत ठरला. म्हणजे वकिलातीवरचा हल्ला शंभर टक्के खरा, मेलेली माणसं खरी, आणि उत्तर म्हणून निवडलेल्या एका ठिकाणाचा पुरावा कच्चा. दोन्ही एकाच वेळी. पत्रकाराने सिनेमाचं नाव घेऊन टाळ्या मिळवण्यापेक्षा मातीचा नमुना कुणी घेतला, कुठून घेतला हे विचारायला हवं होतं. सिनेमाने शंका दिली, पण शंकेच्या पुढचं काम सिनेमा करू शकत नाही, ते त्या खोलीत बसलेल्यांचं होतं.

आणि एक, लोक हा सिनेमा क्लिंटनवरचा समजतात पण त्याचं मूळ त्याआधीचं आहे. तो लॅरी बाइनहार्टच्या १९९३ च्या कादंबरीवरून सैलसर घेतलाय आणि कादंबरीत १९९१ चं आखाती युद्धच हॉलिवूडच्या माणसाकडून लिहून घेतलेलं दाखवलंय. ते युद्ध खोटं नव्हतं, कुवेत खरोखर बळकावला होता. पण त्या युद्धाच्या विक्रीत काय काय झालं ते बघा.

१० ऑक्टोबर १९९० ला अमेरिकी काँग्रेसच्या मानवाधिकार गटापुढे नायरा नावाची पंधरा वर्षांची कुवेती मुलगी रडत रडत सांगते की इराकी सैनिकांनी हॉस्पिटलातल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून थंडगार फरशीवर मरायला टाकली. पूर्ण नाव सांगितलं नाही, घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी. टीव्हीवर देशभर दिसली. अध्यक्ष बुश यांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, सिनेटरांनी भाषणांत सांगितली, आणि जानेवारीत सिनेटमध्ये युद्धाचा ठराव ५२ विरुद्ध ४७ असा निसटता पास झाला. जानेवारी १९९२ मध्ये, युद्ध संपून वर्ष व्हायला आल्यावर, बाहेर आलं की ती कुवेतच्या राजदूताची मुलगी होती आणि तिची साक्ष घडवून आणण्यामागे हिल अँड नोल्टन ही पीआर (जनसंपर्क) कंपनी होती. बाळांच्या त्या गोष्टीला पुढे भरवशाचा पुरावा सापडला नाही. आणि तो गट काँग्रेसची अधिकृत समिती नव्हता, त्यामुळे शपथेवर साक्ष नव्हतीच.

आता ती चिप्सची पिशवी घेऊन पळणारी मुलगी परत आठवा. मला तरी तो सीन आता नायराशिवाय बघता येत नाही.

प्रश्नचिन्ह, तुमच्या वाक्याला माझं उत्तर हेच आहे. नायराचं खोटं उघड करणारा "सगळं खोटंच असतं" म्हणून घरी बसला नाही, त्याने एकच साधा प्रश्न विचारला की ही मुलगी कोण.

जुनी रिळं

इथे बिली वाइल्डरचं नाव अजून कसं नाही आलं! 'एस इन द होल', १९५१. तिसरी घंटा, तुम्हाला पत्रकार हवेत ना, हा घ्या.

कर्क डग्लसचा चक टेटम, मोठ्या पेपरांतून हाकलला गेलेला, अल्बुकर्कीच्या छोट्या पेपरात दिवस काढतोय. एक माणूस गुहेत अडकतो. आतून टेकू लावत गेलं तर एका दिवसात बाहेर काढता येईल, पण टेटम ठरवतो की डोंगराच्या वरून ड्रिल करायचं, म्हणजे आठवडाभर बातमी चालेल. निवडणुकीला उभा असलेला शेरीफ त्याला साथ देतो कारण रोज पेपरात त्याचं नाव. गर्दी जमते, गाड्या, तंबू, पाळणे. वाइल्डर प्रवेशाची पाटी दाखवतो, आधी फुकट आणि मग दर वाढत जातो, कुणी त्यावर काही बोलत नाही. आणि आतला माणूस मरतो.

तेव्हा सिनेमा आपटला. स्टुडिओने नाव बदलून 'द बिग कार्निव्हल' केलं तरी आपटला. मला वाटतं कारण त्याने फक्त टेटमला नाही पकडलं, तिकीट काढून बघायला आलेल्यांनाही पकडलं, आणि थेटरात तिकीट काढून बसलेल्यांना ते कसं आवडणार. बातमी बनवणाऱ्याला गिऱ्हाईक लागतं. 'वॅग द डॉग'मध्ये शत्रूच्या मुलखात मागे राहिलेल्या एका बनावट हिरो सैनिकासाठी लोक झाडांवर जुने बूट फेकतात तेव्हा ते कुणी फेकायला लावलेले नसतात, पहिले दोन-चार सोडले तर. पुढचं लोक मनापासून करतात, त्यांना खरंच रडू येतं. मला ते बूट बघून भीती वाटते.

'नेटवर्क' (१९७६) बद्दल सगळे बोलतात म्हणून एवढंच लिहितो की टीव्ही अँकर हॉवर्ड बीलचं प्रेक्षकांना खिडकीतून ओरडा म्हणणं लोक लक्षात ठेवतात, पण त्या आधीच्या सीनमध्ये चॅनलची माणसं बीलच्या डोक्यावर परिणाम झालाय हे ओळखून असतात आणि रेटिंग बघून त्याला परत कॅमेऱ्यापुढे बसवतात तिथे खरी गोष्ट आहे. रात्रपाळींनी लिहिलेली सभा आणि हे एकाच जातीचं.

कडेचा प्रेक्षक

आपल्याकडचं पण लिहा की. 'जाने भी दो यारों' (१९८३, कुंदन शाह) सगळे महाभारताच्या सीनसाठी बघतात. पण त्यात भक्ती बर्वेंची शोभा आठवा, 'खबरदार'ची संपादक. विनोद आणि सुधीर जीव धोक्यात घालून बिल्डरने केलेल्या खुनाचा पुरावा फोटोतून शोधतात, त्यांना वाटतं ताई हे छापणार, आणि ताई तेच फोटो घेऊन बिल्डरकडे सौदा करायला जाते. न छापलेली बातमी जास्त पैसे देते! भक्तीताईंनी तो गोड आवाज, ती आपुलकी शेवटपर्यंत सोडली नाही म्हणून जास्त लागतं. आणि शेवटी कैद्यांच्या कपड्यात ते दोघंच.

आणि 'सिंहासन', १९७९. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळू फुलेंचा पत्रकार दिगू टिपणीस सगळीकडे असतो, मुख्यमंत्र्यांकडे, विरोधकांकडे, युनियनवाल्याकडे, सगळे त्याला सांगतात, त्याला सगळं माहीत असतं. आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. तिसरी घंटा म्हणतात तो गप्प बसलेला माणूस म्हणजे दिगूच ना? बाकी सगळ्या सिनेमांत असा माणूस कडेला असतो, इथे तो मधोमध आहे.

'न्यू दिल्ली टाइम्स' (१९८६) उपहास नाही, सरळ थ्रिलर आहे, पण शशी कपूरच्या संपादकाला जेव्हा कळतं की आपण एवढं धाडस करून छापलं त्यातून आपण कुणाच्या तरी डावातलं प्यादं झालो, त्या क्षणाचा चेहरा बघा. खरी बातमी छापूनही वापरले जाऊ शकतो हे त्याआधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

संकलक

दिगूवर +१. तो हसतो तेव्हा अंगावर काटा येतो.

'थँक यू फॉर स्मोकिंग'चं एक सांगायचं राहिलं. तंबाखू कंपन्यांचा प्रवक्ता निक नेलर आपल्या मुलाला वाद कसा जिंकायचा ते आइस्क्रीमवरून शिकवतो. मुलगा चॉकलेटच्या बाजूने, निक व्हॅनिलाच्या. मुलगा म्हणतो की तुम्ही व्हॅनिलाच चांगलं हे सिद्ध केलंच नाही, निक म्हणतो मला करायचंच नव्हतं, तू चूक आहेस एवढं दाखवलं की मी बरोबर ठरतो, आणि मी तुझ्याशी नाही तर आजूबाजूच्या लोकांशी बोलतोय. टीव्हीवरची कुठलीही संध्याकाळची चर्चा लावा आणि हे वाक्य समोर ठेवून बघा. अख्ख्या सिनेमात एकही माणूस सिगारेट ओढताना दाखवलेला नाही, हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं.

प्रश्नचिन्ह

तिसरी घंटा, नायराचं उत्तर पटलं. पूर्ण नाही, सर्बियाचा काटा निघत नाही, पण "ही मुलगी कोण" हे पटलं. बुटांचा मुद्दाही.

रात्रपाळी, एक विचारू? तुमच्या त्या रिपोर्टरचं पुढे काय झालं, ज्याने मैदान रिकामं असल्याचं सांगितलं?

रात्रपाळी

हे लिहायचं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

त्याच रात्री अकराच्या बुलेटिनला त्याचा फोनो होता, म्हणजे फोनवरून थेट बोलणं. स्क्रीनवर क्रेनचा तोच फीड लूपवर, आणि अँकरने ठरलेला प्रश्न विचारला की सभेतला उत्साह कसा होता. त्याने आधी ठरलेलं सांगितलं आणि मग त्याच आवाजात म्हणाला की मी मैदानाच्या मागच्या टोकाला उभा होतो, इथून स्टेजच्या दिशेला अर्ध्यापर्यंत खुर्च्या रिकाम्या होत्या, मी रांगा मोजल्या. आणि आकडा सांगायला लागला. इन्चार्जने मला फोनो तोडायची खूण केली.

मी पॅनलवर होते. ऑडिओवाला माझ्याकडे बघत होता, मी सांगितल्याशिवाय तो फेडर (आवाजाची पट्टी) खाली करत नाही. मी समोरच्या स्क्रीनकडे बघत राहिले आणि काहीच बोलले नाही. त्याचं मोजलेलं पूर्ण झालं, मग अँकरने स्वतःच धन्यवाद म्हणून पुढची बातमी घेतली.

सकाळी रिपीटला तेच बुलेटिन लागलं तेव्हा तो फोनो कापलेला होता. त्याची नंतर दुसऱ्या बीटला बदली झाली, राजकीय सभांना परत पाठवलं नाही. मला कुणी काही विचारलं नाही. तो अजून बातमीदारीच करतो, मधे फोन झाला तेव्हा त्याला रांगांचा आकडा अजून पाठ होता.